भाऊ गांजाचे तेल आणतो आहे, डॉक्टरांना सांगू का?

माझ्या आईचे वय ६४ असून स्तनाच्या कर्करोगासाठी तिची केमोथेरपी सुरू आहे. लाल रंगाच्या औषधाच्या दोन सायकल, म्हणजे उपचाराच्या दोन फेऱ्या, झाल्या. पहिले दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवसापासून मळमळ आणि उलट्या सुरू होतात आणि भाताचा वाससुद्धा तिला सहन होत नाही. टोरांटोला राहणारा माझा धाकटा भाऊ म्हणतो की गांजाच्या तेलाने उलट्या थांबतात आणि गाठही विरघळते. पुढच्या महिन्यात येताना तो बाटली आणणार आहे, आणि तोवर गावातल्या एका ओळखीच्या माणसाकडून गांजा आणून आईला द्यावा, असे त्याचे म्हणणे आहे. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांना सांगायचे नाही, असेही त्याने बजावले आहे. मी नको म्हटले तर आईला मुद्दाम त्रासात ठेवल्यासारखे होईल का?
— एक वाचक, कराड

प्रिय भगिनी,

तुम्ही आईला त्रासात ठेवत नाही आहात. लपवून काही द्यायला तुमचे मन धजावत नाही, आणि त्या मनाचे तुम्ही ऐकावे, असे मला कळकळीने वाटते.

भावाच्या बोलण्यात तथ्य मुळीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. गांज्यातील टीएचसी या मुख्य घटकाचा प्रयोगशाळेत तयार केलेला प्रकार, म्हणजे ड्रोनॅबिनॉल, केमोथेरपीच्या उलट्यांसाठी अमेरिकेत १९८५ पासून मान्यताप्राप्त औषध आहे. आपल्या मेंदूत या घटकाला प्रतिसाद देणारी केंद्रे मुळातच असतात, आणि तिथे काम करणारे शरीरातलेच एक रसायन १९९२ मध्ये सापडले तेव्हा शास्त्रज्ञांनी आपल्या ‘आनंद’ या शब्दावरून त्याचे नाव ‘आनंदामाइड’ ठेवले. तेव्हा ही वनस्पती औषधी आहे का, हा वाद घालण्यात अर्थ नाही. तुमच्या आईला, आत्ता, न मोजलेल्या मात्रेत ती द्यावी का, एवढेच ठरवायचे आहे, आणि त्याचे माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे.

कर्करोगतज्ज्ञांच्या अमेरिकेतील संघटनेने २०२४ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. नेहमीची सर्व औषधे योग्य प्रकारे देऊनही उलट्या थांबत नसतील, तर डॉक्टरांनी गांज्यापासून केलेली प्रमाणित औषधे जोडीला द्यायला हरकत नाही, असे त्या म्हणतात. गाठ बरी करण्यासाठी मात्र गांजा वापरू नये, असेही त्या निक्षून सांगतात. प्रयोगशाळेतल्या काचपात्रात कर्करोगाच्या पेशी मरतात, पण माणसाच्या शरीरातली गाठ या तेलाने विरघळते याचा पुरावा नाही. गाठ विरघळण्याच्या आशेवर केमोथेरपीची एक सायकल जरी चुकली तरी ते नुकसान भरून काढणे अवघड जाते, म्हणून भावाशी बोलताना या मुद्द्यावर अजिबात माघार घेऊ नका.

आता गावातल्या गांजाविषयी. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात आणि त्याच काळात असा गांजा ओढला, तर त्यातली बुरशी फुप्फुसात जाऊन जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. तसे रुग्ण वैद्यकीय नोंदींमध्ये आहेत. तोंडाने घेतलेल्या तेलाचा धोका वेगळा. त्याचा परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात, त्यामुळे ‘काही झाले नाही’ म्हणून माणूस पुन्हा घेतो आणि मग दोन्ही मात्रा एकदम अंगावर येतात. छातीत धडधड, भीती, भ्रम, उभे राहताना रक्तदाब उतरून तोल जाणे, हे साठी ओलांडलेल्या आणि अशक्त माणसाला परवडणारे नाही. त्याशिवाय गांज्यातला सीबीडी हा घटक यकृतात इतर औषधांच्या पचनात अडथळा आणतो, आणि आईची केमोथेरपीची औषधेही यकृतातूनच जातात.

इथे मला स्वतःचा एक अनुभव सांगावासा वाटतो. सासऱ्यांच्या उपचारांच्या वेळी आम्ही घरातल्यांनी मिळून त्यांना एक काढा लपवून दिला होता. यकृताच्या तपासणीचे आकडे वाढले, सायकल पुढे ढकलली गेली, आणि कारण शोधण्यात डॉक्टरांचे आठ दिवस गेले, कारण आम्ही तोंड उघडले नाही. ते आठ दिवस मला अजूनही बोचतात.

भावाने बाटली सामानात घालण्यापूर्वी आणखी एक गोष्ट त्याला कळवा. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर असला, तरी तो देशाबाहेर नेणे तिथेही गुन्हाच आहे, मग तो औषध म्हणून का असेना. आपल्याकडच्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात तर असे घट्ट अर्कतेल ‘चरस’ या व्याख्येत बसते. विमानतळावर मुलगा अडकला, तर आईचे हाल उलट्यांपेक्षा वाईट होतील.

मग उलट्यांचे काय? तुमच्या पत्रातला ‘तिसऱ्या दिवसापासून’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. केमोथेरपीची मळमळ दोन टप्प्यांत येते. पहिल्या २४ तासांतली वेगळी आणि दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंतची वेगळी, आणि उलटी थांबवणारी ओन्डान्सेट्रॉनची जी गोळी पहिल्या दिवशी उपयोगी पडते ती नंतर पुरी पडतेच असे नाही. लाल औषध उलट्यांच्या बाबतीत सर्वांत कडक औषधांपैकी आहे, त्यामुळे त्यासोबत ॲप्रेपिटंट, डेक्सामेथासोन आणि रात्री ओलान्झापिन अशी उलटी रोखणाऱ्या औषधांची जोड दिली जाते. ओलान्झापिनने पेंग फार येते ही तक्रार असते. पण मुंबईच्या टाटा रुग्णालयातील २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २.५ मिलिग्रॅमची लहान मात्रा १० मिलिग्रॅमइतकीच उपयोगी ठरली आणि पेंगही कमी आली. यातले आईला काय चालेल हे डॉक्टरच ठरवतील, पण विचारायचे तुम्हालाच आहे. तिसऱ्या सायकलआधी एका वहीत कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळा उलटी झाली आणि कोणती गोळी घेतली होती हे लिहून न्या. भाऊ तेलाचा आग्रह धरतो आहे, हेही त्याच भेटीत सांगून टाका. डॉक्टर रागावले तरी चालेल. आणि दिवसभर पाणीही टिकत नसेल किंवा ताप १००.४ फॅरनहाइटपर्यंत गेला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठा.

एवढ्या पत्रात आईचे स्वतःचे म्हणणे कुठेच आलेले नाही, हे तुमच्या लक्षात आले का? तुम्ही दोघे भावंडे तिच्या वतीने भांडत आहात. तिला तेलाविषयी सगळे खरेखरे सांगा आणि तिला काय हवे ते विचारा. कदाचित ती एवढेच म्हणेल की ते चार दिवस घरात भात शिजवू नका. गरम अन्नाला वास जास्त येतो, गार पेज बहुधा सोसते.

भावाला मात्र येऊ द्या. लांब राहणाऱ्या मुलाला काहीतरी करून दाखवायचे असते, आणि बाटलीमागे तीच तगमग आहे. सायकलच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या रात्री त्याने आईच्या उशाशी झोपावे आणि त्या तीन रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत झोप काढावी.

तुमची,
ताई