स्क्रीनशॉटमधली खालची ओळ वाचलीत का, भाऊ?

भाऊ, नमस्कार.

तुमचा मेल दोनदा वाचला. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. लातूरला आडत दुकान, मुलगी बीएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला, त्याआधी नीट दोनदा दिली, जमलं नाही. आता ती "दिवसभर लॅपटॉपवर कायतरी करूलाली" आणि विचारलं की म्हणते एआय एजंटला (म्हणजे सांगितलेलं काम स्वतःच टूल्स वापरून करणाऱ्या एआयला) औषधांच्या टेस्टचा डेटा शोधता यावा म्हणून टूल बनवतेय. हिंजवडीतले मेहुणे म्हणाले की आता सगळं एआयच करतं, बायोला स्कोप नाही, तिला सरळ एआयच्या कोर्सला घाला. फी १ लाख ८० हजार, त्यातले ६० हजार तुम्ही भरून मोकळे. आणि मला प्रश्न काय, तर कोर्स बरोबर आहे ना, आणि ऐकत नसेल तर उन्हाळ्यात स्थळं बघायला घ्यावीत का.

अहो, पैसे भरल्यावर विचारताय होय!

खरं सांगू का, मला कोर्सपेक्षा तुमच्या मेलचीच जास्त काळजी वाटली. त्यात दहावीचे टक्के आहेत, पुतण्याचं पॅकेज आहे, मेहुण्यांचं मत तर अर्धं पान आहे, पण ती स्वतः काय म्हणते त्याचं एक अख्खं वाक्य नाही. "हट्टी" हा शब्द मात्र चार वेळा. आणि "ट्यूशन एरियात दोन वर्षं ठेवली, एवढा खर्च केला" हे ज्या सुरात लिहिलंय ना, त्यावरून वाटतं की तुम्ही लेकराच्या नावानं खतावणीत पान काढून ठेवलंय, आणि आता ती जे काही करेल त्यातून आधी ती बाकी वजा व्हायला पाहिजे. नीटचा निर्णय तिचा होता का हे तुम्ही लिहिलेलं नाही, मी अंदाज बांधू शकते. आणि स्थळं बघायची तर बघा, तो तुमच्या घरचा विषय, पण कोर्स नाही केला तर लग्न, हे काय आहे? शिक्षा आहे का ती? असं बोलून ठेवलं की मुलगी ना कोर्समध्ये मन लावते ना लग्नात. माझ्यासमोर अशा मुली बसून गेल्यात, एकदोन नाही.

आता तो स्क्रीनशॉट. "बघा हा टाइमपास" म्हणून तुम्हीच जोडलाय, त्याबद्दल आभार, कारण अख्ख्या मेलमध्ये तिचं असं तेवढंच आहे. वर प्रश्न आहे, इमॅटिनिब हे औषध एबीएल१ या प्रोटीनवर किती जोरात काम करतं. ब्लड कॅन्सरच्या एका प्रकारावरचं हे औषध, २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. खाली टेबल, प्रत्येक आकड्यासमोर तो कुठल्या नोंदीतून आला त्याचा आयडी, आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात एक ओळ: "यातल्या ४ नोंदी टी३१५आय म्युटंटच्या, २ पेशींवरच्या. सरासरी काढू नये."

ही ओळ वाचली आणि मी चहा बाजूला ठेवला.

मेहुण्यांचा गैरसमज असा की एआय शोधून देतं, मग बायो शिकलेल्या माणसाचं काम काय. तुमच्याच धंद्यातलं सांगते. कुणी फोन करून नुसतं "सोयाबीनचा भाव काय" विचारलं तर तुम्ही आधी काय विचारता? ओलावा किती, १२ टक्क्यांच्या आत आहे का, माती-काडी किती, डागी आहे का. त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. तसंच इथे आयसी५० नावाचा आकडा असतो, म्हणजे औषध किती घातलं की प्रोटीनचं काम निम्म्यावर येतं, जितका कमी तितकं औषध जोरदार. पण तोच आकडा नुसत्या प्रोटीनवर मोजला की जिवंत पेशींवर, टेस्ट करताना एटीपी (पेशीला ऊर्जा देणारं रसायन) किती घातलं होतं, नॅनोमोलर आहे की मायक्रोमोलर (हजार पटीचा फरक आहे हा, पोत्याचा नाही), प्रोटीन साधं होतं की बदललेलं, यावर सगळं अवलंबून. टी३१५आय हा बदल झालेल्या, म्हणजे म्युटंट, एबीएल१ वर इमॅटिनिब जवळपास चालतच नाही. आता साध्या आणि बदललेल्या प्रोटीनचे आकडे एकत्र करून एआयनं ऐटीत सरासरी काढून दिली, तर ती वाळलेलं आणि भिजलेलं सोयाबीन एकाच ढिगात ओतल्यासारखी होईल. आणि टूल नसेल तर त्याहून वाईट, एआय कधी कधी आठवणीतनंच आकडा ठोकून देतं, दिसायला एकदम खरा. म्हणून तर मध्ये असं टूल लागतं जे खऱ्या डेटाबेसमधनं नोंद आणतं आणि टेस्टची माहिती सोबत देतं. पण कुठली माहिती सोबत द्यायची हे ठरवणार कोण? ज्याला टेस्ट कशी होते ते कळतं तोच. तुमच्या मुलीला ते कळायलंय.

हा डेटा फुकट आहे बरं का. केम्बल नावाचा डेटाबेस २००९ पासून खुला आहे, इंग्लंडमधली एक युरोपियन संस्था सांभाळते, त्यात २० लाखांवर रसायनं आणि २ कोटींच्या आसपास मोजमापं, बहुतेक शोधनिबंधांतून काढलेली. अमेरिकेचं पबकेम २००४ पासून आहे. एआयला अशी टूल्स जोडायची एमसीपी नावाची खुली पद्धत नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, तिची माहितीही नेटवर मोफत. म्हणजे शिकायचं सामान घरात आहे, १ लाख ८० हजार कशाचे ते क्लासवाल्यांना विचारा. प्लेसमेंट गॅरंटी म्हणतात तर गॅरंटी लेखी मागा, आणि फी परत देण्याचा नियमही. माझं मत विचाराल तर ६० हजार परत मिळतात का बघा, नाही मिळाले तरी पुढचा हप्ता भरू नका.

तुमच्या मुलीची पण नुसती स्तुती करणार नाही. नुसत्या बीएस्सीवर या कामात कुणी उभं करत नाही, एमएस्सी लागणारच, त्यासाठी जॅम आणि गॅट-बी या दोन परीक्षा बघा, पुणे विद्यापीठाचं बायोइन्फर्मेटिक्स सेंटर पण बघा. स्टॅटिस्टिक्स आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री कच्ची असेल तर आत्ताच पक्की करा, कारण रसायनाची रचना वाचता आली नाही तर असं टूल एका मर्यादेपुढे जात नाही. आणि हे काम लातुरात नाही, पुणे, हैदराबाद नाहीतर बंगलोरला जावं लागेल, सुरुवातीचा पगार पुतण्याच्या पॅकेजएवढा नसेल. हे आत्ताच ऐकून ठेवा, नंतर जेवायला बसल्यावर दरवेळी ते पॅकेज काढू नका.

आणि पुढचा मेल तुम्ही लिहू नका, तिला लिहू द्या, वाचून पाठव असंही म्हणू नका. मला तिला एकच विचारायचंय, त्या ४ म्युटंटच्या नोंदी टूलनं आपोआप वेगळ्या केल्या की तिनं एकेक टेस्टचं वर्णन वाचून हातानं काढल्या? टूलनं केल्या असतील तर कॉलेजच्या सरांना दाखवून त्याचाच शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करता येईल. हातानं काढल्या असतील तर ती कशी वाचत बसली ते मला सविस्तर ऐकायचंय.