उरलेली पिन

पोरी,

पुण्यात बोलिंग खेळून परतताना गाडीतून पाठवलेला तुझा निरोप वाचला. चार गेमचे गुण, 142, 97, 128, 101. आणि खाली प्रश्न, "काका, दोन हातांनी टाकायला शिकू का? की नवा रिअ‍ॅक्टिव्ह बॉल घेऊ?"

दोन्ही नको, ना दोन हात, ना तो जास्त वळणारा बॉल. 97 च्या गेमचा फोटो मी नीट पाहिला. दहापैकी सात फ्रेममध्ये, म्हणजे दोन-दोन बॉलच्या डावांत, पहिल्याच बॉलला दहातल्या आठ-नऊ पिन पडल्यात. म्हणजे हात बरा आहे. पण उरलेल्या एक-दोन पिनांसाठीचा दुसरा बॉल तू चिडून नुसता ढकलून दिलास. जरा हिशेब कर. दहाही फ्रेममध्ये नऊ पाडून दहावी सोडली तर होतात 90. तीच दहावी दर वेळी दुसऱ्या बॉलला पाडली, म्हणजे स्पेअर केला, आणि शेवटच्या जादा बॉललाही नऊच पडल्या, तर 190, कारण स्पेअरला पुढच्या बॉलच्या पिनाही जोडून मिळतात. एकही स्ट्राइक, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही, न मारता शंभराचा फरक! उरलेली पिन पाड. बाकीचं नंतर बोलू.

ती पाडायची तर बॉल सरळ टाक. सेंटरमधले बॉल बहुतेक प्लास्टिकचे, ते सरळच जाणार. तू मनगट पिळून त्यांना वळवायला बघतेस आणि तिथेच सगळं बिघडतं. शिवाय लेनवर, म्हणजे बॉल घरंगळतो त्या वाटेवर, तेल असतं, ते खेळता खेळता सरकतं, पुसलं जातं. वळणाऱ्या बॉलचा सगळा भरवसा त्या तेलावर. सरळ बॉलला त्याचं फारसं देणंघेणं नाही. आणि दर वेळी एकाच वजनाचा बॉल उचल, हे तुला आधीही सांगितलंय.

पिनांकडे टक लावू नकोस. सगळ्यात पुढची पिन फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्या अलीकडून बॉल सोडायचा त्या रेघेपासून, 60 फुटांवर, लेनवर काढलेले बाण साधारण 15 फुटांवर. नजर बाणावर ठेव. डावीकडची 2 नंबरची पिन उरली तर बाण तोच, फक्त स्ट्राइकसाठी उभी राहतेस त्या जागेपासून पायाखालच्या फळ्यांच्या तीन पट्ट्या उजवीकडे उभी राहा. 4 नंबरला सहा पट्ट्या, 7 ला नऊ. एखादी पट्टी इकडेतिकडे करावी लागेल, ते तुझं तू ठरव. उजव्या कोपऱ्यातल्या 10 नंबरसाठी मात्र पार डावीकडे जा आणि लेन तिरकी ओलांडून टाक. ही पिन तुला छळते, मला ठाऊक आहे. म्हणूनच निम्मा सराव तिच्यावर कर.

मी पुण्यात खेळायचो तेव्हा स्पेअरला सरळ टाकतो म्हणून पोरं हसायची. हसू देत. त्यांचा मोठा आकडा एखाद्या रात्रीचा, माझा दर आठवड्याला जवळजवळ तोच. अमेरिकेच्या वॉल्टर रे विल्यम्सने पीबीएच्या, म्हणजे व्यावसायिक बोलिंगच्या, 47 स्पर्धा जिंकल्या, आणि त्याचं नाव निघतं ते स्पेअर न सोडण्यासाठी. वडिलांचे माग सांभाळायला मला सोलापूरला परत यावं लागलं आणि ऐन भरात लेन सुटली, ही खंत आजही जाळते. सरळ टाकण्याची खंत मात्र नाही. त्यावर मी आजही कुणाशीही भांडेन.

लेन रोज मिळत नाही ही तक्रार पुरे झाली. घरात शहाबादी फरशी आहे ना? एक सांधा धरून रोज चार पावलं चाल, रिकामा हात झुलव, शेवटच्या पावलावर तशीच थांब. डावा पाय कुठे आला ते बघ. आज या सांध्यावर, उद्या त्या सांध्यावर पडत असेल, तर तुझे 142 आणि 97 तिथूनच येतात. त्याला नवा बॉल काय करणार? पैसे साठलेच तर तुझ्या बोटांच्या मापाची भोकं पाडलेला प्लास्टिकचा बॉल घे, स्पेअरसाठी. रिअ‍ॅक्टिव्हचं नाव उरलेली पिन पडायला लागल्यावर काढ.

पुढच्या खेपेला मला बेरीज पाठवू नकोस. कोणती पिन उरली, तू कोणत्या पट्टीवर उभी होतीस, बॉल कोणत्या बाणावरून गेला, एवढंच लिहून पाठव.

तुझा,
काका