नकार लेखी घे

बाळा,

काल तलावपाळीवर बाकड्यावर बसून फाईल उघडलीस आणि पहिलंच विचारलंस, "मावशी, डॉक्टरांना सांगून दादाच्या कागदांतून दारूचा उल्लेख काढून घेऊ का? एजंट म्हणतो, मग विम्याचा क्लेम पास होईल." मी चहा अर्धा टाकून उठले. रागावले होते. उत्तर आज लिहितेय.

काढायचा नाही. दारू एकदम तुटली की हात थरथरतात, फिट येऊ शकते, भ्रम होतो. ते कागदावर नसेल तर रात्रपाळीच्या नर्सला कळणार कसं? शिवाय माहिती लपवल्याचं उघड झालं तर क्लेम सोड, पॉलिसीच जाऊ शकते. हे तुलाही कळतं. थकलायस म्हणून विचारलंस.

गुंता खरा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 21 सांगतं, शरीराच्या आजाराला जसा विमा तसाच मनाच्या आजाराला. त्याच कायद्याच्या व्याख्येत दारू आणि ड्रग्जशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात. पण विमा नियामकाने 2019 मध्ये ठरवून दिलेल्या अपवादांत 12 नंबरला व्यसनाचे उपचार आणि त्याचे परिणाम आहेत, ते कंपनीला वगळता येतात. दादाला बायपोलरही आहे, म्हणजे कधी मन बेफाम उसळतं, कधी पार खचतं, आणि दारूही. मग कंपनी अख्खं बिल 12 नंबरात ढकलून मोकळी.

भांडायचं ते इथे. दादा भरती कशासाठी झाला? चार रात्री झोप नाही, पगार वाटून टाकला, पहाटे तीनला ऐरोली स्टेशनवर भाषण देत होता, म्हणून. मूळ आजार कोणता, दारूच्या आधीपासून होता का, कोणते दिवस आणि कोणती औषधं कशावरची, हे डॉक्टरांकडून डिस्चार्ज कार्डावर नीट मागून घे. आणि नकार लेखी घे.

मी अठरा वर्षं एका हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कला, म्हणजे विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या टेबलाला, होते. शेकडो नातेवाइकांना हेच सांगितलं: फोनवरचा नकार हा नकार नसतो, कुठलं कलम लावलं ते लिहून मागा. आणि 2019 मध्ये माझ्याच भावाच्या वेळी कंपनीचा फोन आला, "मॅडम, अल्कोहोल आहे, नाही होणार," तर मी "बरं" म्हणून फोन ठेवला. डेस्कवर सगळे ओळखीचे होते ना! ई-मेल मागितला असता तर त्याचं नाव आणि निदान दहा जणांच्या स्क्रीनवर गेलं असतं. आईच्या पाटल्या मोडल्या, बिल भरलं. त्या वेळी तेच शहाणपणाचं वाटलं, आणि खरं सांगू, माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. भाऊ आता बरा आहे. पण अजून म्हणतो, "ताई, मला लाज नव्हती वाटत. तुला वाटत होती." यावर मला उत्तर सुचत नाही.

म्हणून तुझ्या मागे लागलेय. नकार लेखी घे. तो हातात आला की कंपनीच्या तक्रार विभागाला मेल कर. तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचा निवाडा ते देतात. मात्र एक वर्षाची मुदत असते. मी ती घरात बसून घालवली. जिंकशीलच असं नाही म्हणत. 12 नंबर छापलेला आहे, आणि काही रक्कम त्यात जाईलही. पण कुठली आणि का, ते त्यांनी लिहून द्यावं.

दरम्यान औषध थांबवू नका. पैसे कमी पडले तर ठाण्याचं मनोरुग्णालय आहे, सरकारी आहे, नाक मुरडू नकोस. रात्री दादा बिथरला तर 14416 लाव, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे.

शनिवारी संध्याकाळी घरी ये. मेल माझ्यासमोर बसून लिही. येताना पॉलिसीची पूर्ण प्रत आण, एजंटने दिलेलं ते रंगीत पत्रक नको.