बोर्डिंगला परत जायचं नाही म्हणणारा मुलगा

प्रश्न: माझा मुलगा १२ वर्षांचा, सातवीत. जूनपासून जिल्ह्यातल्याच एका मिशनच्या शाळेत बोर्डिंगला आहे. अभ्यास चांगला घेतात म्हणून घातला. गणपतीत घरी आला तेव्हा दोन रात्री अंथरूण ओलं झालं. पाचव्या वर्षापासून असं कधी झालं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत तर रोजच. मोठी मुलं खाऊचा डबा आणि पैसे काढून घेतात, रात्री बाथरूमच्या वाटेवर अडवतात, एवढंच बोलला आणि कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. सुट्टी संपल्यापासून पोटात दुखतं म्हणतो, ‘माका थंय जावचा नाय’ म्हणून रडतो. ताप आहे असं कळवून चार दिवस घरी ठेवलाय. वॉर्डन ब्रदरांना मागे फोनवर विचारलं तर म्हणाले, मुलगे असेच घट्ट होतात. सासूबाई म्हणतात, रोज चॅपेलात बसवतात त्याचाच हा परिणाम, नाव काढून टाक. नवरा ट्रॉलरवर, पंधरा-पंधरा दिवस घरी नसतो. तक्रार केली तर मुलालाच जड जाईल का? शपथ मोडू का?
– मालवण तालुक्यातली एक आई

ताई, सगळ्यात आधी तो ताप काढून टाका. आजच शाळेच्या ऑफिसला मेसेज करा: ‘मुलाला पोटदुखी आणि रात्री अंथरुणात लघवी होण्याचा त्रास आहे, डॉक्टरांना दाखवत आहोत, तोवर रजा मिळावी.’ तुम्हाला पुढे अर्ज द्यायचाय आणि शाळेच्या नोंदीत ‘ताप’ राहिला तर पहिल्याच भेटीत कुणीतरी म्हणेल, तुम्ही तर ताप म्हणाला होतात. एवढ्याशा खोट्यावरून सगळी खरी गोष्ट लंगडी पडते.

आता शपथ. बारा वर्षांच्या मुलाने ती घातली कारण सांगितल्यावर काय होतं ते त्याने तिथे पाहिलंय. तेव्हा गुपचूप मोडू नका, त्याला सांगून मोडा. ‘कुणालाच सांगणार नाही असं मी म्हणायला नको होतं. पण तुला न सांगता, तुला माहीत नसताना मी एकही पाऊल उचलणार नाही.’ हे वचन तुम्हाला पाळता येईल. पहिलं पाळता येणार नव्हतंच.

विचारायचं कसं, यावर बरंच अवलंबून आहे. समोर बसवून, डोळ्यांत बघून विचारलंत तर ‘काय नाय’ एवढंच मिळेल. नारळ सोलताना, मासे साफ करताना, बंदरावर चालत जाताना विचारा. त्याहून चांगलं म्हणजे कागद आणि पेन्सिल द्या आणि झोपायच्या हॉलचा नकाशा काढायला सांगा. खाटा कुठे, तुझी कुठली, शेजारी कोण, दिवा कुठला रात्रभर चालू असतो, ब्रदरांची खोली किती लांब, बाथरूमला जायची वाट कुठून, संडासाच्या दाराला कडी आहे का. मग फक्त एकच: ‘यातल्या कुठल्या जागी तू एकटा जात नाहीस?’ मूल बोट ठेवतं. बहुतेक वेळा बोट पडतं ते व्हरांड्याच्या अंधाऱ्या टोकावर नाहीतर बाथरूमवर, म्हणजे जिथे रात्री मोठ्या माणसाचा डोळा नसतो तिथे. ‘तुला अमक्याने हात लावला का?’ असे प्रश्न विचारू नका. त्यात उत्तर तुम्हीच त्याच्या तोंडात घालता. ‘मग काय झालं?’ एवढंच विचारत राहा. नकाशा जपून ठेवा, मागे तारीख घाला आणि त्याचे शब्द जसेच्या तसे, मालवणीत, वहीत उतरवा. सुधारून शुद्ध भाषेत लिहू नका.

आणि हे करताना कपडे काढायला लावणं, नको तिथे स्पर्श, फोनवर काही दाखवणं किंवा फोटो काढणं असं काहीही निघालं, मग करणारा मोठा मुलगा असो की मोठा माणूस, तर खाली लिहिलेलं अर्जाचं सगळं बाजूला ठेवा. पुन्हा पुन्हा विचारू नका. थेट १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा पोलीस ठाण्यात जा. प्रकार दोन-तीन दिवसांतला असेल तर त्या वेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रिन्सिपलवरही बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. ‘आधी आमच्यात चौकशी करतो’ हे उत्तर तिथे चालत नाही. मुलाचा जबाब घरी घेता येतो, पोलिसांनी गणवेशात यायचं नसतं, वैद्यकीय तपासणीसाठी एफआयआरची वाट बघावी लागत नाही आणि मुलाचं नाव कुणालाही छापता येत नाही. कॅथलिक चर्चमध्येही पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आदेशाप्रमाणे प्रत्येक धर्मप्रांतात, म्हणजे एका बिशपच्या हद्दीत, अशा तक्रारीची सोय असावी लागते, पण ती पोलिसांच्या जागी नाही, त्यांच्या जोडीला आहे.

तुमच्या पत्रावरून प्रकरण तिथवर गेलेलं वाटत नाही, पण नकाशा काढल्याशिवाय तसं धरून चालू नका.

पोटदुखी खोटी नाही. बोर्डिंगमध्ये हे चक्र नेहमी दिसतं: संडासाला कडी नाही किंवा वाटेत कुणी अडवतं म्हणून मूल दिवसभर आवरून धरतं. शौच तुंबतं, पोट दुखतं. तुंबलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं आणि रात्री गाढ झोपेत लघवी सुटते. मग लाज, मग त्यावरून आणखी चिडवणं. अनेक वर्षं कोरडं झोपणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं की डॉक्टर त्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. म्हणून या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे न्या. लघवीची साधी तपासणी आणि रक्तातली साखर करून घ्या. तो फार पाणी पीत असेल, वजन उतरलं असेल, तर साखर त्याच दिवशी तपासा, उद्यावर टाकू नका. जाण्याआधी तीन दिवस लिहून ठेवा: किती वाजता काय प्यायला, किती वेळा लघवी, शौच कधी आणि कडक की मऊ. पाणी तोडू नका, दिवसा दीड-दोन लिटर प्यायला हवंच. झोपेआधीचे दोन तास मात्र घोटभरच, आणि संध्याकाळचा चहा बंद. रागावणं, चादर त्यालाच धुवायला लावणं, भावंडांसमोर बोलणं यांतलं काहीही नको. डॉक्टरांकडून त्रासाचं नाव लिहिलेली चिठ्ठी घ्या, अर्जाला जोडायला लागेल.

अर्ज वॉर्डनच्या नावाने नको, फोनवर तर नकोच. प्रिन्सिपलच्या नावाने द्या आणि प्रत मॅनेजरना. मिशनच्या शाळेत ही दोन वेगळी माणसं असू शकतात: धर्मप्रांताच्या शाळेत मॅनेजर बहुधा तिथल्या चर्चचे फादर, फादर-ब्रदरांच्या एखाद्या संघाने चालवलेल्या शाळेत त्या संघाचे तिथले प्रमुख, म्हणजे सुपीरियर. ऑफिसात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी सांगितलेलं जूनपर्यंत कुणाच्याच लक्षात राहत नाही, आणि वॉर्डनची तर मध्ये बदलीही होते. मजकूर साधा असावा:

‘माझा मुलगा, इयत्ता सातवी, आपल्या वसतिगृहात राहतो. त्याने सांगितल्याप्रमाणे वरच्या वर्गातली काही मुलं त्याचा खाऊ आणि पैसे घेतात व रात्री बाथरूमच्या वाटेवर अडवतात. सप्टेंबरपासून त्याला अंथरुणात लघवी होते, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. याबाबत वॉर्डनना मी फोनवर कळवलं होतं. विनंती: चौकशी करावी. त्याची खाट वॉर्डनच्या खोलीजवळ द्यावी. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर दिवा आणि संडासाच्या दाराला आतून कडी असावी. झोपण्यापूर्वी त्याला लघवीला पाठवावं व साडेदहाच्या सुमारास गाजावाजा न करता उठवावं. आठवड्यातून एकदा त्याला एकट्याला घरी फोन करू द्यावा. सात दिवसांत लेखी उत्तर मिळावं.’

‘त्याने सांगितल्याप्रमाणे’ हे शब्द काढू नका. तुम्ही पाहिलेलं नाही, ऐकलंय. मुलांची नावं अर्जात नकोत, भेटीत सांगा. सात दिवस मी मनाने घातलेले नाहीत. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ चा आहे, तो कॉलेजपुरता नाही, शाळा आणि वसतिगृहही त्यात येतात, आणि लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणं प्रमुखावर बंधनकारक आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नमुना अर्जात शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ (शाळेत मारहाण आणि मानसिक छळाला बंदी) घातलेलं असतं, ते इथे टाळा. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या निकालाप्रमाणे तो कायदा मिशनच्या शाळेसारख्या अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही, आणि ऑफिसातला माहितगार कारकून अर्ज तेवढ्यावरून परत करेल. ज्यांच्या ताब्यात मूल आहे त्यांनी जाणूनबुजून दुर्लक्ष केलं तर तो २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. हे माहीत असू द्या. पहिल्याच अर्जात लिहायची गरज नाही.

भेटीला एकट्या जाऊ नका. नवरा समुद्रावर असेल तर भावाला न्या, पण बोला तुम्ही. या भेटीत शाळेला तीन गोष्टी करू नका म्हणून स्पष्ट सांगा, कारण चांगल्या मनाने नेमक्या याच केल्या जातात. असेंब्लीत किंवा हॉलमध्ये सगळ्यांसमोर ‘कोण त्रास देतं?’ असं विचारणं. दोन्ही मुलांना समोरासमोर उभं करून ‘सॉरी म्हणा, हात मिळवा’ करणं: हात मिळवून झाल्यावर त्याच रात्री दिवे गेले की त्याचा वचपा निघतो. आणि तुमच्याच मुलाला उचलून एकट्याला आजाऱ्यांच्या खोलीत झोपवणं, म्हणजे शिक्षा झाली ती त्यालाच. मोठ्या मुलांना एकेकटं बोलवावं आणि त्यांच्या पालकांनाही. त्यांच्यावरही चौथी-पाचवीत हेच झालेलं असू शकतं. म्हणून सोडून द्यायचं नाही, पण नुसतं हाकलूनही ती वाट उजळत नाही.

ब्रदरांचं ‘घट्ट होतात’ हे मला पटत नाही. घट्ट होतो तो शिमग्याच्या रोंबाटात, म्हणजे मिरवणुकीत, आणि धावण्याच्या शर्यतीत, अंधारात लघवी आवरून नाही. पण चाळीस-पन्नास मुलांमागे एकच वॉर्डन असेल तर तो माणूसही अर्धवट झोपेतच असतो. खाट हलवणं, दिवा, कडी या गोष्टी त्याच्या हातातल्या आहेत, त्या मागा.

सात दिवसांत उत्तर आलं नाही तर मॅनेजर, मग संघाचे प्रांतप्रमुख, म्हणजे प्रोव्हिन्शियल, किंवा बिशप हाऊस, आणि त्याच दिवशी प्रत ओरोसला जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना व जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी असायला हवी, समितीची नावं दर्शनी भागात दिसली नाहीत तर तेही विचारा. तक्रारीमुळे मुलाला जड जाईल का, हे तुम्ही विचारलंत. तोंडी, अर्धवट तक्रारीने जातं. आवक क्रमांक असलेला कागद चार टेबलांवर गेला की सगळे जपून वागायला लागतात.

सासूबाईंच्या मुद्द्याला उत्तर द्या, पण ते या अर्जात मिसळू नका. दोन्ही एकत्र लिहिलंत तर शाळा प्रार्थनेवर बोलेल आणि बाथरूमची वाट विसरून जाईल. राज्यघटनेचं कलम २८(३) सांगतं की मान्यताप्राप्त शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. आधी प्रवेश अर्ज काढून बघा, संमतीची ओळ बऱ्याचदा तिथेच असते आणि आपण सही केलेली असते. ती वेगळं पत्र देऊन मागे घेता येते. बहुतेक मिशनच्या शाळांत कॅथलिक मुलांना कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षण, आणि बाकीच्यांना त्याच तासाला मूल्यशिक्षण अशी सोय असतेच. मात्र पत्रात एक प्रश्न नक्की घाला: मिसाच्या, म्हणजे चॅपेलातल्या उपासनेच्या, वेळी तो कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली बसेल? सगळं बोर्डिंग चॅपेलात आणि तुमचा मुलगा रिकाम्या हॉलमध्ये एकटा, असं व्हायला नको. आणि त्याला स्वतःलाही विचारा. कदाचित त्याला चॅपेलातली गाणी आवडत असतील, आणि अख्ख्या दिवसात कुणी न अडवणारी तीच अर्धा तासाची जागा असेल.

परत पाठवायचं की नाही? दिवा, कडी आणि खाट झाल्याचं तुम्ही स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय नाही. तो मरण्याच्या गोष्टी करत असेल, जेवण तुटलं असेल, अंगावर वळ असतील, तर या वर्षी नाहीच. दाखला मागाहूनही काढता येतो. अशा वेळी रात्री-अपरात्री बोलायला १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मोफत, मराठीतही बोलतात.

पाठवलात तर पेटीत टॉर्च, मेणकापड, गडद रंगाच्या दोन जादा चादरी आणि तोंड बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी द्या. आठवड्याचा फोन ऑफिसातून स्पीकरवर होत असेल तर त्यात खरं काही कळणार नाही. म्हणून घरीच एक वाक्य ठरवा, ‘पेजेत मीठ कमी होता’ असलं काहीतरी. ते ऐकू आलं की काही न विचारता त्याच दिवशी न्यायला जायचं. न्यायला कोण जाणार तेही आत्ताच ठरवा. बऱ्याच ठिकाणी बोर्डिंगच्या ओळखपत्रावर फोटो असलेल्या माणसाकडेच मुलाला सोडतात, आणि तुमच्या कार्डावर बहुधा फक्त तुम्ही आणि समुद्रावर असलेले त्याचे बाबा असाल. अर्ज द्यायला जाल तेव्हा मामाचे दोन फोटो बरोबर घेऊन जा.