मिश्री सोडली की दात ठणकतात!

प्रश्न : माझ्या सासूबाई साठीच्या आहेत. लग्नाआधीपासून सकाळ-दुपार मिश्री लावतात. खालचे पुढचे दात हलायला लागलेत, मुळं उघडी पडलीत. मिश्री सोडली की दात ठणकतात आणि पोटही साफ होत नाही, असं त्या म्हणतात. दवाखान्यात दात साफ केले की उरलेलेही ढिले होतात, असं शेजारच्या काकूंनी सांगितल्यामुळे त्या यायलाच तयार नाहीत. काय करावं? (खरं सांगायचं तर कधीकधी मीही लावते.)
– एक वाचक, ता. वाळवा

उत्तर : ताई, सासूबाईंना खोटं पाडू नका. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. तिच्यातलं निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात उतरतं, तरतरी येते, दुखणं तेवढ्यापुरतं दबतं. आतड्यांनाही त्याची सवय लागते, म्हणून सोडल्यावर काही दिवस पोट कुरकुरतं. कोमट पाणी, पालेभाजी, भाकरी चालू ठेवा, बसेल घडी.

माझ्याकडे येणाऱ्या बायकांना ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर ‘छे, अजिबात नाही’ म्हणतात. म्हणून मी ‘दात कशानं घासता?’ असं विचारते. मग कमरेच्या पिशवीतून डबी निघते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ साली बंदी झाली, पण घरच्या तव्याला कोण विचारतो!

काकूंचं म्हणणं उलटं आहे. हिरडीखाली किटण साचून दाताभोवतीचं हाड आधीच झिजलेलं असतं आणि किटणच दातांना एकमेकांशी जखडून ठेवतं. ते काढलं की दात मुळात किती हलत होते ते कळतं. तसंच ठेवलं तर शेजारचेही दात जातील.

पण माझं पहिलं लक्ष दातांकडे नाही. उद्या सकाळी उजेडात बसवून त्यांचा खालचा ओठ अलगद बाहेर ओढा. मिश्री फिरते ती जागा, गालांची आतली बाजू आणि जिभेच्या कडा बघा. ओल्या फडक्यानं पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लालभडक डाग किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर थांबू नका. दुखत नाही म्हणून तर मुळीच नाही. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही.

आधी दुपारची मिश्री बंद करा, मग सकाळची. मिश्रीऐवजी कोळसा किंवा राखुंडी नको, उघडी मुळं आणखी झिजतील. मऊ ब्रश आणि साधी फ्लोराइडची पेस्ट पुरे. निकोटिनचं च्युइंगगम हलत्या दातांनी चावणं जड जाईल. अंगावर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्टीबद्दल डॉक्टरांना विचारा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

आता तुमचं ते कंसातलं वाक्य. दिवस जाण्याचा विचार असेल, तर तुमची मिश्री सासूबाईंच्या आधी सुटायला हवी. गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. तपासणीला दोघीही या, आणि डब्या घेऊनच या.