टाळल्याने भीती जात का नाही?

“एकदा पडले, तेव्हापासून गाडीला हात लावला नाही.” दुचाकीवर धावणाऱ्या इंदूरमध्ये हे वाक्य समुपदेशनाच्या खोलीत सतत ऐकू येतं. घरच्यांचा सल्लाही ठरलेला असतो: “नको चालवूस, कशाला जिवाला घोर?” सल्ला मायेचाच असतो, पण भीती नेमकी त्यावरच पोसली जाते.

राजेंद्रनगरच्या एका ताईंचं हेच झालं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पावसात भंवरकुआ चौराह्याजवळ मागून लोडिंग रिक्षाचा कर्कश हॉर्न आला, त्यांनी दचकून पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि ॲक्टिव्हा घसरली. मोडलेलं मनगट दीड-दोन महिन्यांत बरं झालं. भीती मात्र पसरत गेली. आधी भंवरकुआ सुटला, मग कॉलनीबाहेरचा रस्ता. शेवटी नवऱ्याच्या मागे बसल्या असतानाही हॉर्न आला की तळहात ओले होत.

“दोन वर्षं गाडीजवळ गेले नाही, तरी भीती कमी का होत नाही?”

“‘आज नको’ म्हणून किल्ली परत खुंटीला लावता, तेव्हा कसं वाटतं?”

“सुटल्यासारखं. एकदम हायसं.”

“ते हायसं वाटणंच भीती टिकवतंय.”

त्यांच्या बहिणीला शंका होती की लहानपणीचं काही दडलं असेल. मी तिकडे वळले नाही. हॉर्न, घसरणं आणि टाळणं यांत सगळं उत्तर होतं. 1920 साली वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी अकरा महिन्यांच्या बाळाला पांढरा उंदीर दाखवत पाठीमागे लोखंडी सळईवर हातोडा मारला. बाळ उंदराला भ्यायला लागलं, पुढे सशाला आणि फरच्या कोटालाही. भीती जुळते कशी, ते यातून कळतं. ती टिकते का, हे 1947 मध्ये माउररने मांडलं: टाळलं की सुटका होते, आणि त्या सुटकेमुळे टाळण्याची सवय पक्की होते. मानसशास्त्रज्ञ स्किनरचं ऋण प्रबलन, म्हणजे त्रास हटल्याने सवय पक्की होणं, ते हेच. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी त्याला हमखास शिक्षा समजतात, पण इथे शिक्षा नसतेच, त्रास हटल्याचं बक्षीस असतं.

वॉटसनचं नाव सगळ्यांना पाठ असतं, मेरी कव्हर जोन्सचं मात्र राहून जातं. माझ्या लेखी मोठं काम तिचं. सशाला भिणारा छोटा पीटर आवडता खाऊ खात असताना ससा रोज थोडा जवळ आणत तिने ती भीती घालवली आणि 1924 मध्ये ते काम प्रसिद्ध केलं.

ताईंबरोबर आम्ही अशीच शिडी आखली. भीतीला शून्य ते शंभर गुण द्यायचे. बंद गाडीवर बसणं 25, मेन स्टँडवर, रेस न देता इंजिन सुरू ठेवणं 35, पहाटे गल्लीत फेरी 45, कॉलनीबाहेरचा रस्ता 70, गर्दीच्या वेळी भंवरकुआ 95. नियम एकच: भीती निम्म्यावर येईपर्यंत ती पायरी सोडायची नाही. रस्त्यावर फारच घाबरायला झालं तर गाडी कडेला घेऊन थांबायचं, पण घरी परतायचं नाही. भीती शिगेला असताना पळ काढला की सगळा सराव उलटा पडतो. मागे नवऱ्याला बसवलं तर धीर त्याच्यामुळे आला असं मन धरतं, म्हणून ती सोय लवकर काढायची. आणि सराव रोज हवा, आठवड्यातून एकदा करून भागत नाही.

कॉलनीबाहेरच्या पायरीवर मागून टेम्पोने हॉर्न दिला. ताई कडेला थांबल्या. पुढच्या भेटीत म्हणाल्या,

“नव्वद झाली होती हो. वाटलं, आता चक्कर येणार. देवाचं नाव घेतलं नाही, पाणी प्यायले नाही, नुसती उभी राहिले. दहाबारा मिनिटांनी बघते तर चाळीस! मी काहीच केलं नाही, तरी उतरली कशी?”

या क्षणासाठी सगळी शिडी असते. भीती आपली आपण उतरते, हे दोन वर्षांत त्यांना कधी दिसलंच नव्हतं, कारण ती उतरण्याआधीच त्या निघून जायच्या. मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण ऐकून ते पटत नाही. शरीराने एकदा ते अनुभवावं लागतं. त्यानंतर मला फारसं काही करावं लागलं नाही. पुढच्या पायऱ्या त्यांनी स्वतःच ठरवल्या.

श्रावणातल्या झडीत तीन आठवडे गाडी बंद राहिली आणि ताईंचा फोन आला, “सगळं वाया गेलं, पुन्हा साठ!” वाया काही गेलं नव्हतं. मावळलेला प्रतिसाद खंड पडला की परत डोकावतो, हे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हने कुत्र्यांवरच्या प्रयोगांतच पाहिलं होतं. तो आधीपेक्षा कमजोर असतो आणि लवकर मावळतो. दोन पायऱ्या खाली उतरून सुरुवात करायला सांगितली. आठवड्याच्या आत त्या मुलीला भंवरकुआच्या क्लासला सोडून आल्या.

अपघातानंतर महिना उलटूनही तोच प्रसंग स्वप्नात येत असेल, जागेपणी डोळ्यांसमोर उभा राहत असेल किंवा झोपच लागत नसेल, तर शिडी स्वतःहून सुरू करू नका. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.