मुंबई-पुण्याबाहेर राहून चित्रकाराचं पोट भरतं का?

तुमचा मुलगा बारावीत आहे, तुम्ही सांगलीजवळ राहता, त्याला जी.डी. आर्ट (कलेतला सरकारी डिप्लोमा) करायचंय. तुम्ही विचारलंय की आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर ही चित्रकार मंडळी कोल्हापुरात राहूनच मोठी झाली, मग आज ते का जमू नये?

मी कोल्हापूरचा. वडील बोर्ड रंगवायचे. मी ए.टी.डी. (कलाशिक्षकाचा डिप्लोमा) केलं आणि शाळेत चित्रकला शिकवतो. रविवारी रंकाळ्यावर नाहीतर पंचगंगेच्या घाटावर लँडस्केपला बसतो. वर्षाकाठी त्यातली दोन-तीन विकली जातात, एखादं वर्ष तेवढीही नाही. तेव्हा जे लिहितोय ते घरात बघितलेलं आहे.

पहिलं म्हणजे, तुम्ही ज्यांची नावं घेतलीत ते चित्रं विकून जगले नाहीत.

आबालाल मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकले, 1888 च्या सुमारास बाहेर पडले. त्या काळी जे.जे.तून निघालेला माणूस मुंबईत राहून साहेबांची पोर्ट्रेट करू शकत होता. हे कोल्हापूरला परतले आणि शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले. पोट दरबारानं भरलं, म्हणून तर कोल्हापुरातल्या कोटितीर्थ तळ्याचं तेच पाणी वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा रंगवायची चैन त्यांना परवडली. 1922 साली महाराज गेले. त्यानंतर आबालालांनी आपली हजारो चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं आमच्याकडे सांगतात. आकडा सांगणाऱ्यागणिक वाढतो, म्हणून तो मी लिहीत नाही. पण गोष्ट ऐकताना मला दरवेळी एकच वाटतं: घेणारं गिऱ्हाईक असतं, तर एवढी चित्रं घरात साठली असती का? 1931 मध्ये ते वारले. आज त्यांचं लहानसं जलरंगातलं चित्रसुद्धा संग्रहालयात काचेआड असतं.

बाबूरावांचं उदाहरण तुमच्या मुलाला जास्त उपयोगी आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. आडनाव मेस्त्री, जन्म 1890 चा. आते-मामेभाऊ आनंदरावांबरोबर त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. पडदा म्हणजे काय, तर रस्ता, राजवाडा, जंगल हे सगळं सपाट कापडावर, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही त्यात खोली दिसली पाहिजे. हे काम रोख पैशाचं होतं. पुढे दोघांना सिनेमाचं वेड लागलं. परदेशी कॅमेरा घ्यायची ऐपत नाही, म्हणून स्वतः बनवायला घेतला. 1916 मध्ये आनंदराव अचानक गेले. बाबूरावांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केला. मग महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तिला भांडवल दिलं तानीबाई कागलकर या गायिकेनं. (कोल्हापूरच्या कलेचा इतिहास सांगताना त्यांचं नाव लोक पटकन विसरतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.) 1920 ला ‘सैरंध्री’ आला. सेट, पोशाख, जाहिरातीची पोस्टरं, सगळ्यावर त्यांचा हात फिरलेला असायचा.

त्या कंपनीत उमेदवारी केलेले दामले आणि फत्तेलाल 1929 मध्ये शांतारामबापूंबरोबर (व्ही. शांताराम) बाहेर पडले आणि ‘प्रभात’ ही फिल्म कंपनी उभी राहिली. फत्तेलाल कागलचे, मूळचे चित्रकार. या दोघांचा ‘संत तुकाराम’ (1936) पुढे व्हेनिसपर्यंत गेला. ब्रश धरणाऱ्या हातांनी कुठली कुठली कामं केली बघा. चित्र विकण्याचं काम त्यात जवळपास नाहीच.

चंद्रकांत मांडरेही बाबूरावांच्याच तालमीतले. पैसा आणि नाव सिनेमात नट म्हणून मिळालं. लँडस्केप आणि पावडर शेडिंग (पावडरनं छटा देऊन चित्र काढणं) मात्र शेवटपर्यंत सोडलं नाही. राजारामपुरीतलं घर चित्रांसकट त्यांनी सरकारला दिलं, तिथे आता संग्रहालय आहे. मुलाला एकदा तिथे आणाच.

आता माझ्या वडिलांचं सांगतो, कारण या मोठ्या नावांच्या खाली आमच्यासारखी शेकडो घरं होती. दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, थेटरवरची बॅनर. बॅनरला फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी कापडावर मोठ्या करायच्या आणि पावडरचे रंग अळशीच्या तेलात कालवून चेहरा उभा करायचा. जवळून बघितलं तर नुसते जांभळे-हिरवे फटकारे, रस्त्यापलीकडून बघितलं तर जिवंत नट. मी रंगाबद्दल जे शिकलो त्यातलं निम्मं तिथे, कॉलेजात नव्हे. 2000 नंतर फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत धंदा बसला. वडिलांनी कुणाला दोष दिला नाही. गणपतीच्या सीझनला कुंभार गल्लीत डोळ्यांची आखणी करायला जायचे, एरवी फोटोवरून तैलचित्रं करायचे. गेलेल्या आईवडिलांचं तैलचित्र करून घेणारी गिऱ्हाइकं आजही आहेत. तिथे सगळा खेळ साम्याचा. नाक जरा चुकलं की पैसे बुडाले.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: चित्रांवर पोट भरत नाही, चित्रकलेवर भरतं. इकडे राहून आज मिळणारी कामं म्हणजे पोर्ट्रेट, शाळा-हॉटेलांच्या भिंती, शिल्पकारांकडे फायबरची कामं, पुस्तकांची आणि जाहिरातींची चित्रं (ही आता गावात बसून मुंबईची करता येतात, वडिलांच्या वेळी हे नव्हतं), आणि क्लास. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे क्लासला पोरं येतात. शिक्षकाच्या नोकरीवर मात्र फार भिस्त ठेवू नका. कायमच्या जागा क्वचित निघतात. माझ्यानंतर ए.टी.डी. झालेले कितीतरी जण मानधनावर राबताहेत.

शहरात जायला माझा विरोध नाही. आबालालसुद्धा शिकायला मुंबईलाच गेले होते. जमलं तर मुलाला जे.जे.ची प्रवेश परीक्षा द्यायला लावा, चार वर्षं तिथली गॅलऱ्या-प्रदर्शनं बघू देत. फी आणि राहण्याचा खर्च झेपत नसेल तर कोल्हापुरात, सांगलीत कॉलेजं आहेत. तिथून निघालेली चांगली माणसं मी बघितली आहेत, आणि जे.जे.तून येऊन नुसती बसून राहिलेलीही. प्रदर्शन भरवायचं तर कोल्हापूरच्या शाहू स्मारकात जागा मिळते. पहिल्या प्रदर्शनाला नातेवाईकच येतील आणि चहाचा खर्च फ्रेमिंगएवढा होईल, हे धरून चला.

आणि एक करा. मुलाला न सांगता त्याची स्केचबुक चाळा. परीक्षेच्या महिन्यातही पानं भरलेली असतील तर पुढची काळजी जरा कमी करा. कोरी असतील तर जी.डी. आर्टचा फॉर्म भरण्याआधी मला परत लिहा, आपण बोलू.